अजून दोनदा विचारा

दरवर्षी फाल्गुन संपत आला की कडेगावहून भाचा हळकुंडं पाठवतो. पूर्वी एस.टी.च्या टपावरून पोतं यायचं, आता कुरिअरचा खोका येतो. खोका उघडला की वास मात्र तोच. थोडा मातीचा, थोडा धुराचा, आणि त्यात काहीतरी उग्र, जे नाकातून घशात उतरतं. मी ती हळकुंडं गच्चीवर जुन्या चादरीवर पसरते. साताऱ्याचं ऊन त्या दिवसांत कोरडं असतं, अजिंक्यताऱ्याकडून वारा येतो, चादरीची टोकं उडतात म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागतात. हळकुंडं खालीवर करताना तळहात पिवळे होतात. साबणानं ते जात नाही. दोन दिवस तसंच राहतं. त्या दोन दिवसांत मी कुणाशी धड बोलत नाही, असं आमची सून म्हणते. खरं असेल.

पिवळे तळहात बघितले की सांगलीतला हळदीचा एक हंगाम आठवतो. मोठा दुष्काळ सरला, त्यानंतरचा तो पहिला चांगला हंगाम होता. लोक रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, तांबड्या भाकरीतून नुकते सुटले होते. नदीकाठच्या मळ्यांत हळद शिजवायच्या मोठाल्या लोखंडी काहिली चढल्या होत्या. काहिलीत हळदीचे गड्डे, वर पाला आणि गोणपाट, खाली वाळक्या पाल्याचा जाळ. वाफ अशी यायची की रस्त्यानं जाणाऱ्याच्या कपड्यांनाही वास लागावा. मग शिजलेली हळद खळ्यावर पसरायची. आठ-पंधरा दिवस सगळी जमीन पिवळी. त्यावरून चालणाऱ्या कोंबड्यांचे पायही पिवळे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. वडील मिलिटरीत शिपाई. सुट्टीवर आले की माझी इंग्रजी पुस्तकं हातात घेऊन उलटीसुलटी बघायचे आणि फक्त "शीक" म्हणायचे. त्या एका शब्दावर मी सांगलीच्या वसतिगृहात चार वर्षं काढली. बी. ए. झाले. इंग्रजी विषय घेतला होता, म्हणून एका बालगृहात नोकरी मिळाली. सकाळी मुलांना शिकवायचं आणि दुपारी पत्रव्यवहार बघायचा. परदेशातून मूल दत्तक मागणाऱ्या लोकांची पत्रं तेव्हा नुकती येऊ लागली होती. ती वाचणारं आणि त्यांना उत्तर लिहिणारं माणूस त्या संस्थेत मी एकटीच. ह्याचा मला फार अभिमान होता. तो अभिमान पुढे आडवा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

हौसा पाच वर्षांची होती. तिची आई दवाखान्यात वारली आणि मुलीला न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा ती नुकती चालायला लागलेली. वाढली ती बालगृहातच. काळीसावळी, कपाळावर जावळ, आणि मागण्यात पटाईत. तिला जे हवं असायचं ते ती दोन्ही हात पुढे करून मागायची. पंगतीत वाढणारी पुढे सरकली की मागून हाक यायची, "मावशी, मला अजून आमटी. भातात न्हाई, वाटीत." वाढणाऱ्या मावशी कावायच्या आणि तरी वाटीत घालायच्या. मी खुर्चीवर बसले की येऊन सरळ मांडीवर चढायची. विचारणं वगैरे नाही. जागा दिसली की बसली.

स्वीडनमधल्या एका जोडप्यानं तिचा फोटो बघून तिला मागितलं. त्यांना मूल नव्हतं. कोर्टाचे कागद झाले, पासपोर्ट झाला, चैत्रात जायचं ठरलं. आमच्या संस्थेच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. उन्हाळ्याच्या तोंडाला सांगलीत बसून त्या लोकर विणत होत्या आणि मुलं त्यांना हसत होती. थंडीचा विचार आम्ही केला. भाषेचा केला, मी तिला दहा-बारा इंग्रजी शब्द शिकवले. ते शब्द तिथं काही कामाचे नव्हते, हे मला पुढे कळलं. तिथली भाषा वेगळीच होती.

बालगृहाच्या मागं एका जैन शेतकऱ्याचा मळा होता. त्यांच्या घरच्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. दिवस मावळायच्या आत जेवणारं घर. त्यामुळे उन्हं कलली की अक्कांची लगबग सुरू व्हायची, आणि खळ्यावर असलेल्या प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पडल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. हंगामात रविवारी आमची मुलं तिकडं जायची. हळकुंडं वेचायच्या नावाखाली खेळायची. त्या दिवशी अक्कांनी शेंगदाण्याचे लाडू आणले. टोपलीवरचं फडकं निघायच्या आधीच हौसाचे दोन हात पुढे. एक लाडू घेतला आणि म्हणाली, "आनि एक द्या. मागनं खाया."

हळद मोडायला आलेल्या बायकांत हशा पिकला. त्यातली एक म्हणाली, "ही चालली व्हय साहेबाच्या देशाला? बघा तिकडं बी हात पसरून हुबी ऱ्हाईल. म्हनतील, भिकाऱ्याचं पोर धाडलं."

अक्कांनी तिला तिथंच झापलं. "गप ग. पोर हाय. भूक लागली तर मागंल न्हाई तर काय करंल?" असं म्हणून त्यांनी हौसाच्या हातावर आणखी दोन लाडू ठेवले.

अक्कांचं बोलणं शहाणपणाचं होतं. पण मला ऐकू आलं ते त्या बाईचं. माझे कान तापले. मी वसतिगृहात दोन साड्यांवर राहिलेली मुलगी. कुणी काही दिलं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघायची मला सवय होती. आमच्या पोरीला परक्या देशात कुणी हावरट म्हणावं, ह्या कल्पनेनं मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि मी तिला रीत शिकवायचं ठरवलं.

ती रीत मला आईनं शिकवली होती. कुणाच्या घरी गेलं आणि खायला विचारलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नकोच. तिसऱ्यांदा विचारलं, म्हणजे मग घ्यायचं. मी लहान असताना आम्ही यमाईच्या जत्रेला औंधला गेलो होतो. तिथं आईची एक चुलत बहीण राहायची. भर दुपारी तिच्या घरी पोचलो. मावशीनं विचारलं, जेवणार का. आई म्हणाली, नको. मावशीनं परत विचारलं. आई परत नको म्हणाली. मावशी थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. परतताना मी भुकेनं रडायला लागले, तेव्हा आई वाटेत मला घेऊन बसली आणि म्हणाली, "पयल्यांदा समदीच इचारत्यात. तिसऱ्यांदा इचारलं न्हाई तिनं, म्हंजी घरात न्हवतं. आपुन व्हय म्हनलो असतो तर सोताच्या ताटातलं दिलं असतं तिनं."

म्हणजे ती रीत नुसती लाजण्याची नव्हती. समोरच्या घराला मान खाली घालायला लागू नये, म्हणून आपण आपली भूक दोन पावलं मागं ठेवायची. आमच्याकडचं सगळं जाणं-येणं त्या दोन पावलांच्या अंतरानं चालायचं. विचारणाऱ्याला ते माहीत, नाही म्हणणाऱ्यालाही माहीत. जिथं दोघांपैकी एकालाच ते माहीत असेल तिथं काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. जगात सगळीकडे तीनदा विचारत असतील असंच मी धरून चालले होते. धरून चालले होते असंही नाही. विचारच केला नव्हता. पाणी सगळीकडे ओलंच असणार, तसं.

पंधरा दिवस आमचा खेळ चालला. व्हरांड्यात पाहुणी ती, यजमानीण मी. हातात एखादं बिस्कीट, नाहीतर नुसता खडा.

"हौसा, घे ग."

"नको."

"अगं, घे की."

"नको वो."

"बरं, एवढंसं तरी?"

की झडप. दोन्ही हातांनी. आणि मग खदाखदा हसायची. सुरुवातीला तिला धीर निघायचा नाही, दुसऱ्यालाच हात पुढे यायचा. म्हणून मी तिला युक्ती सांगितली. एक हात पाठीमागं धर. एकदा विचारलं की एक बोट काढ, दुसऱ्यांदा दुसरं. तिसरं बोट निघालं की घ्यायचं. ही युक्ती तिला फार आवडली. चेहरा एकदम सोज्वळ, मान जराशी खाली, आणि पाठीमागं बोटं मोजणं चाललेलं. मला वाटायचं, किती लवकर शिकली. मी तिला नुसतं खाण्याचंच नाही, सगळ्याचंच शिकवलं. बाहुली दिली तर, फ्रॉक दिला तर, कडेवर घ्यायला कुणी हात पसरले तर. "लगेच जायचं नसतं, हौसा. चांगल्या मुली लगेच जात नाहीत." शेवटच्या आठवड्यात ती माझ्या मांडीवरसुद्धा न विचारता चढेनाशी झाली. उभी राहायची, एक हात मागं. मी तीनदा विचारायची, मग यायची. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

जायच्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. मोठ्या बाई तिला मुंबईपर्यंत नेणार होत्या. आदल्याच दिवशी ती खळ्यावर खेळून आली होती, तळहात पिवळेधमक. अक्का फडक्यात लाडू बांधून आल्या आणि एस.टी.च्या खिडकीतून वर केले. हौसा म्हणाली, "नको." अक्का चमकल्या. "आगं, घे की." "नको." अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग हात आणखी उंच करून म्हणाल्या, "वाटंला खायाला घे, माजे बाई." तेव्हा तिनं घेतलं, आणि अक्कांच्या डोक्यावरून माझ्याकडं असं बघितलं की, बघा बाई, जमलं. मी मान डोलावली. तिला शेवटचं दिलेलं माझं ते प्रशस्तिपत्र.

पहिलं पत्र महिन्याभरात आलं. निळा पातळ कागद, गोल सुटं अक्षर. तिकडच्या आईचं इंग्रजीही माझ्यासारखंच शिकून घेतलेलं होतं, त्यामुळे मला सोपं जायचं. लिहिलं होतं, मुलीचे तळहात पिवळे आहेत, आम्ही घाबरून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, हळद म्हणजे काय, कशी पिकते, कशी शिजवतात, दीड पान. माझं इंग्रजी त्या दिवशी कसं नदीसारखं वाहिलं.

दुसरं पत्र श्रावणात आलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे, तरी त्यांच्या शब्दांत सांगायचं धाडस होत नाही. सार असं होतं. मुलगी फार शांत आहे, रडत नाही, पण काही घेत नाही. जेवण पुढे केलं की नको म्हणते. बाहुली आणली, नको. उचलून घ्यायला हात पसरले, नको म्हणते आणि तिथंच उभी राहते; पळून जात नाही, जवळही येत नाही. नको म्हणजे काय, हे त्यांनी कुणालातरी विचारून घेतलं होतं. मुलाच्या नाहीला आम्ही मान देतो, म्हणून पुन्हा विचारत नाही, असं लिहिलं होतं. कुणी नसलं की ती थोडं खाते. वजन उतरलं आहे. आम्हाला वाटतं, तिला आम्हीच नको आहोत. आमचं काय चुकतं आहे, ते सांगा. आणि मग शेवटी, सहज सुचावं तसं, आणखी एक. नको म्हणताना ती एक हात पाठीमागं नेते आणि एक बोट ताठ धरते. ही तुमच्याकडची काही धार्मिक खूण आहे का?

मी कागद टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर पाऊस लागला होता, मुलं पागोळ्यांखाली हात धरून ओरडत होती. एक बोट. म्हणजे एकदा विचारून झालं होतं. ती दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होती. चार महिने वाट बघत होती.

मला सगळं कळलं होतं. हे मी आज लिहिते आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा नीट उमगलं नव्हतं. उमगलं होतं. त्याच क्षणी.

पत्रं मी मोठ्या बाईंना मराठीत वाचून दाखवायची. ते पत्रही दाखवलं. बोटाचं वाक्य गाळलं. बाई वाईट नव्हत्या. चाळीस मुलांची पोटं त्यांच्या जिवावर चालली होती. त्यांना भीती वाटली की हे लोक आजार शोधत बसतील आणि बाकीच्या मुलांसाठी येणारी पत्रं बंद होतील. त्या म्हणाल्या, "लिहा, आमच्या मुली समाधानी असतात. हावरटपणा त्यांच्यात नसतो. हळूहळू रुळेल म्हणावं."

मी लिहिलं. आणि त्यात एक वाक्य माझ्या पदरचं घातलं. मी तेव्हा बी. एड. करायची स्वप्नं बघत होते, बालमानसशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक कुणाकडून तरी आणून वाचत होते. त्यात होतं की मुलावर जबरदस्ती करू नये, त्याच्या कलानं घ्यावं. मला ते फार आधुनिक, फार उदात्त वाटलं होतं. ते मी लिहिलं. तिला कृपया कशाचाही आग्रह करू नका. आणि बोटाबद्दल लिहिलं, ती लहान मुलांची एक सवय आहे, आपोआप जाईल.

आईचं शिकवलेलं आणि पुस्तकातलं, दोन्ही मला ठाऊक होतं. पुस्तकातलं लिहिलं, कारण त्याचं इंग्रजी तयार होतं. आईचं लिहायला बसले तर काय लिहिणार होते? की आम्ही आमच्या मुलांना भूक लागली तरी नको म्हणायला शिकवतो? मला आमची लाज वाटली. आमच्या गरिबीची आणि त्या गरिबीतून आलेल्या शहाणपणाचीसुद्धा. आणि खरं सांगायचं तर, हे सगळं मी शिकवलं हे बाईंना कळेल, ही भीती होती. कायम नेमणुकीचा कागद दिवाळीत निघायचा होता.

गौरीला मी गावी गेले. आई भाकरी थापत होती. चुलीपाशी बसून मी तिला हसत हसत सांगायला लागले, तिकडच्या लोकांची गंमत म्हणून. पिवळ्या हातांवर ती हसली. मग नको सांगितलं, बोट सांगितलं. तिचा थापता हात थांबला.

"मंग तू काय लिवलंस?"

मी सांगितलं. आग्रहाला इंग्रजीत नीट शब्द नाही, समजावणं फार अवघड, त्या लोकांची रीतच वेगळी, असं बरंच काही बोलत राहिले. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "अजून दोनदा इचारा. एवढं लिवलं असतंस तरी भागलं असतं की ग."

 एवढं इंग्रजी मला पाचवीतही येत होतं.

"आता लिव," आई म्हणाली. मी लिहिते म्हणाले. सांगलीला परतल्यावर आठ दिवसांत दोनदा कागद घेऊन बसले. पण आता लिहायचं म्हणजे आधी लिहिलेलं चुकीचं होतं असं लिहायचं होतं. बाईंच्या सहीचं पत्र. माझं सुंदर अक्षर. दिवाळी होऊ दे, म्हटलं. दिवाळीत नेमणुकीचा कागद आला. मग संक्रांत होऊ दे. मग पुन्हा हळदीचा हंगाम आला, काहिली चढल्या, आणि मी अक्कांच्या खळ्याकडं जायचं टाळू लागले. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, आमची पोर कशी हाय. मी म्हणायची, छान आहे. त्या म्हणायच्या, "लाजत आसंल आजून. हुईल धीट." पुढच्या जूनमध्ये मी बी. एड.ला साताऱ्याला आले आणि ते गाव, ती नोकरी, तो वास सगळं मागं पडलं. पडलं असं मला वाटलं.

लोकांना वाटतं, मोठ्या चुका रागातून होतात, लोभातून होतात. माझी ही चूक सालस होती. चांगल्या अक्षरात, समास सोडून, शुद्धलेखन तपासून केलेली. शिकल्याचा उपयोग कुठं करायचा हे कळण्याआधी शिकल्याची ऐट येते, आणि मधल्या काळात जे कुणी हाताशी असतं त्याला ते भोगावं लागतं. पुढे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. डबा न आणलेली मुलं मला लांबून ओळखू यायची. भूक नाही बाई, म्हणायची. मी दुसऱ्यांदा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची. त्या मुलांना वाटायचं बाई मायाळू आहेत. मी परतफेड करत होते, आणि ज्याची त्याला होत नव्हती.

शेवटचं पत्र दुसऱ्या हिवाळ्यानंतर आलं. बालगृहाच्या पत्त्यावर आलेलं, मोठ्या बाईंनी ते साताऱ्याला पाठवलं, वर पेन्सिलीनं तीन शब्द: उत्तर तुम्हीच द्या. आत एक फोटो. बर्फात उभी हौसा, लोकरी टोपी, गाल वर आलेले. मी आधी तिचे हात बघितले. दोन्ही पुढे होते, त्यात बर्फाचा गोळा.

तिकडच्या आईनं लिहिलं होतं, नाताळला माझ्या नवऱ्याची आई राहायला आली होती. म्हाताऱ्या बाईंना विसर पडतो. आता विचारलेलं आता विसरतात. त्यांनी हौसापुढे गोड पाव धरला. ती म्हणाली, नको. बाई इकडंतिकडं बघत बसल्या आणि विसरून पुन्हा तिच्यापुढे पाव धरला. नको. थोड्या वेळानं पुन्हा. मी म्हणणार होते की आई, तिनं दोनदा सांगितलं, कशाला छळता. इतक्यात मला तिचा मागचा हात दिसला. एक बोट आधीचं होतं. दुसरं निघालेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत तिसरं निघालं, आणि तिनं दोन्ही हातांनी पाव घेतला आणि मोठ्यानं हसली. तिचं असं हसणं आम्ही तोवर ऐकलंच नव्हतं. माझा नवरा उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवसापासून आम्ही सगळं तीनदा विचारतो. उचलून घेऊ का, हेसुद्धा. तिसऱ्यांदा ती येते.

जे मला एका ओळीत लिहिता आलं असतं, ते तिला एका विसरभोळ्या म्हातारीनं दिलं. मधले दोन हिवाळे कुणी दिले, ते मला माहीत आहे.

पुढं आणखी थोडं होतं. तिची भाषा ती पूर्ण विसरली आहे. एकच शब्द उरला आहे, नको. तो ती आता गमतीनं म्हणते. घरी कुणी आलं की बशी घेऊन पुढं जाते आणि तीनदा विचारल्याशिवाय बशी खाली ठेवत नाही. शाळेतल्या मुली हसतात, तरी सोडत नाही. आणि अगदी शेवटी: ही इतकी सुंदर सवय तिला तिथं कुणी लावली? त्या व्यक्तीचे आम्हाला आभार मानायचे आहेत.

हल्ली पेपरात येतं, अशी दूर गेलेली मुलं मोठी होऊन आपली गावं शोधत येतात. स्टँडवर, दवाखान्यात, जुन्या दप्तरांत काहीतरी शोधतात. फोटो असला तर मी चष्मा लावून बघते. हौसानं पन्नाशी ओलांडली असेल. रस्त्यात भेटली तरी मला ओळखता येणार नाही. परवा सुनेला शिरा वाढत होते. ती म्हणाली, आई, एकदा नको म्हटलं म्हणजे खरंच नको असतं हो. तिचंही बरोबर आहे. आता घरात असतं, त्यामुळे एकदा विचारून भागतं.

त्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आभाराचं पत्र होतं ते. माझंच नाव लिहायचं होतं, आणि त्याबरोबर बाकीचंही लिहायचं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला लगेच हो कसं म्हणायचं, असंही काहीसं मनात होतं. वाटलं, पुन्हा पत्र येईल. पुन्हा विचारतील, मग सगळंच लिहून टाकू. पोस्टमनची सायकल वाजली की दारात जायची. ती माणसं सरळ होती. एकदा विचारलं, उत्तर आलं नाही, त्याचा त्यांनी मान ठेवला. मी साताऱ्यात, एक हात पाठीमागं धरून, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले.